चिठ्ठीविना झोप : निद्रोपाय आणि औषधविक्रीची सीमारेषा यांचा इतिहास

प्रस्तावना

परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहातला एखादा विद्यार्थी औषधाच्या दुकानात जाऊन झोपेची गोळी मागतो. दुकानदार विचारतो, "डॉक्टरची चिठ्ठी आहे का?" चिठ्ठी नसते. मग दुकानदार दुसरीकडे बोट दाखवतो. तिथे सर्दीची गोळी असते, खोकल्याचे औषध असते, मेलाटोनिनची चघळायची वडी असते, एखादे 'हर्बल' चूर्ण असते. त्यांना चिठ्ठी लागत नाही. विद्यार्थी त्यातले काहीतरी घेऊन परततो आणि मनाशी म्हणतो, चिठ्ठीशिवाय मिळते म्हणजे ते निर्धोकच असणार.

हा समज बरोबर आहे का? त्याचे उत्तर वैद्यकशास्त्राइतकेच इतिहासातही सापडते. चिठ्ठीने मिळणारे औषध आणि चिठ्ठीविना मिळणारे औषध ही विभागणी निसर्गाने केलेली नाही. ती कायद्याने केली, तीही गेल्या शंभर-दीडशे वर्षांत, आणि बहुतेक वेळा कोणाला तरी इजा झाल्यानंतर. एके काळी चिठ्ठीविना मिळणारे निद्रोपाय पुढे चिठ्ठीच्या कक्षेत कसे गेले, काही बंद कसे झाले आणि आज खुल्या विक्रीत जे उरले आहे ते तिथे का उरले, हे या पाठात पाहू. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायचा आहे : झोप न येण्याचे कारण शरीरात होते की कामाच्या तासांत?

१. चिठ्ठीच्या आधीचा काळ

'डॉक्टरची चिठ्ठी' ही संस्था नव्हती तेव्हा सगळेच उपाय चिठ्ठीविना होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ, म्हणजे आधाराचे खांब मानले आहेत. झोप हा आरोग्याचा पाया आहे, ही कल्पना भारतीय वैद्यकात इतकी जुनी आहे.

त्याच ग्रंथात झोप न येण्याची कारणे दिली आहेत. त्यांत वातप्रकोप, विकार आणि प्रकृती यांच्याबरोबर 'कार्य' आणि 'काल' यांचाही समावेश आहे. 'कार्य' म्हणजे कामात गुंतलेपण. 'काल'चा अर्थ टीकाकारांनी वार्धक्यासारख्या काळाशी जोडला आहे. निद्रानाश हा नेहमीच रोग असतो असे नाही, आयुष्याची रीतही त्याला कारण असू शकते, हे त्या यादीत मान्य केलेले आहे.

उपायांची यादीही लक्षात घेण्यासारखी आहे. अंगाला तेल चोळणे, स्नान, दूध, तूप, दहीभात, मांसरस, मद्य, डोक्याला आणि चेहऱ्याला लेप, अंग दाबून घेणे, आवडीचा सुगंध आणि आवाज, मनाला सुख, चांगले अंथरूण, चांगले घर आणि योग्य वेळ, असे उपाय त्यात येतात. मद्य सोडले तर यातले फारसे काही 'औषध' या सदरात बसत नाही. मात्र हे उपाय कोणाला परवडत होते, हेही विचारले पाहिजे. दूध, तूप, निवांत घर आणि अंग दाबायला माणूस ही सुस्थितीतल्या घराची सामग्री होती.

गरिबाघरी उपाय साधे होते. महाराष्ट्रात दुधात जायफळ उगाळून देण्याची रीत आजही आहे. लहान मुलांच्या बाळगुटीत वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, हिरडा यांबरोबर जायफळाचाही वेढा असतो. वेढा म्हणजे सहाणेवर एकदा फिरवण्याइतकी मात्रा. या मोजमापातच सावधगिरी आहे, कारण जास्त प्रमाणात जायफळ विषारी ठरते. घरगुती उपायांचे नियमन कायदा करत नव्हता, ते रीत आणि मात्रा यांच्या ज्ञानातून होत होते. ते ज्ञान तुटले, किंवा ते वापरायला वेळच उरला नाही, तर काय होते हे पुढच्या प्रकरणात दिसते.

२. अफू : दुकानात मिळणारी झोप

अफूचा उल्लेख भारतीय वैद्यकात तुलनेने उशिरा येतो. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत ती नाही. मध्ययुगीन शार्ङ्गधरसंहितेत ती 'अहिफेन' या नावाने आढळते. पुढे वेदना, अतिसार, खोकला आणि निद्रानाश या सगळ्यांवरचा उपाय म्हणून ती देशभर पसरली.

एकोणिसाव्या शतकात अफू ब्रिटिश सरकारच्या महसुलाचा मोठा आधार बनली. १८७८च्या अफू कायद्याने तिची विक्री परवाना असलेल्या दुकानांतून होऊ लागली. परवाना दुकानदाराकडे असायचा, खरेदीदाराला चिठ्ठी लागत नसे. म्हणजे नियमनाचा मुख्य हेतू महसूल हा होता, रुग्णाची सुरक्षितता हा नव्हे. ब्रिटनमधल्या अफूविरोधी चळवळीच्या दबावामुळे १८९३मध्ये अफूवरील शाही आयोग नेमला गेला. १८९५च्या अहवालात आयोगाने बंदीची मागणी फेटाळली. अफू हे भारतीय लोकांचे घरगुती औषध आहे, हा त्यामागच्या युक्तिवादांपैकी एक होता.

खुद्द ब्रिटनमध्येही चित्र फार वेगळे नव्हते. अफूचा अर्क 'लॉडनम' या नावाने किराणा दुकानांत मिळत असे. 'गॉडफ्रेज कॉर्डियल' हे अफूयुक्त सरबत कामगार वस्त्यांत तान्ह्या मुलांना झोपवण्यासाठी वापरले जाई. १८६८च्या फार्मसी कायद्याने अफूची विक्री औषधविक्रेत्यांपुरती मर्यादित केली, पण चिठ्ठीची अट तेव्हाही आली नाही.

मुंबईत याच प्रथेचे नाव होते बाळागोळी. बाळगुटी आणि बाळागोळी ही नावे सारखी वाटली तरी वस्तू वेगळ्या आहेत. बाळगुटी घरी उगाळून देतात. बाळागोळी ही बाजारात विकत मिळणारी, अफू असलेली गोळी होती. गिरणगावातल्या अनेक आया कामावर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलाला ती देत. दिवसभर मूल झोपून राही आणि आई गिरणीत काम करू शके.

ही प्रथा किती पसरलेली होती? मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीची पाहणी सरकारने एका स्त्री-डॉक्टरकडून करून घेतली होती. तिचे निष्कर्ष १९२२मध्ये मुंबई सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये छापले गेले. गिरणीकामगार स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यात म्हटले होते. हा आकडा वाचताना एक पथ्य पाळावे. ही पाहणी विशिष्ट वस्त्यांमधली आहे, त्यामुळे ती सगळ्या शहराला लागू करता येणार नाही. तरीही प्रथा अपवादात्मक नव्हती, हे त्यातून स्पष्ट होते.

आईला दोष देणे सोपे होते आणि त्या काळच्या अनेकांनी तो दिलाही. अज्ञान आणि अंधश्रद्धा ही कारणे सांगितली गेली. पण कामाचे तास पाहिले की चित्र बदलते. १८९१च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांचा कामाचा दिवस ११ तासांवर आणला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि पुरुषांचे काम रात्रीपर्यंत लांबले. १९११च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांना १२ तासांची मर्यादा घातली. चाळीतल्या एका खोलीत, नातेवाईक गावी असताना, अकरा तास मूल सांभाळणार कोण? बाळागोळी हे या प्रश्नाचे स्वस्त आणि घातक उत्तर होते. तिने मुलाची झोप साधली जात होती, पण गरज मुलाची नव्हती, गिरणीच्या भोंग्याची होती.

म्हणूनच यावरचा परिणामकारक इलाज औषधकायद्याइतकाच कामगार कायद्यातही होता. १९२९च्या मुंबई प्रसूतिलाभ कायद्याने बाळंतपणाच्या काळात काही आठवड्यांचे साहाय्य दिले. व्हिटली आयोग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाही कामगार आयोगाने १९३१च्या अहवालात मुलांना अफू देण्याच्या प्रथेची नोंद घेतली आणि पाळणाघरांची शिफारस केली. १९३४च्या फॅक्टरी कायद्याने, ५०हून अधिक स्त्रिया काम करतात अशा कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कायद्याने पाळणाघर बंधनकारक झाले. दुसऱ्या बाजूने १९३०च्या घातक औषध कायद्याने अफूवरील नियंत्रण कडक केले आणि १९५९पर्यंत वैद्यकीय कारणाखेरीज अफूची विक्री थांबवण्याचे धोरण अमलात आले.

३. प्रयोगशाळेतली झोप

अफू वनस्पतीतून येते. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्राने पूर्णपणे कृत्रिम निद्रोपाय तयार केले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३२मध्ये क्लोरल हायड्रेट बनवले होते. त्याचा झोप आणणारा गुण बर्लिनच्या ओस्कर लीब्राइख यांनी १८६९मध्ये दाखवला. १९०३मध्ये एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटालचा गुण जाहीर केला. ते 'व्हेरोनाल' या नावाने बाजारात आले. १९१२मध्ये फेनोबार्बिटाल आले.

या प्रत्येक औषधाची कहाणी साधारण एकाच क्रमाने जाते. नवे औषध अफूपेक्षा सुरक्षित आणि सवय न लावणारे म्हणून येते. ते सहज मिळते. काही वर्षांत सवय लागल्याच्या आणि जास्त मात्रेने मृत्यू झाल्याच्या बातम्या येऊ लागतात. मग नियंत्रण येते आणि तोवर त्याहून 'सुरक्षित' असे पुढचे औषध तयार असते. बार्बिट्युरेट गटात उपयोगी मात्रा आणि मारक मात्रा यांतले अंतर कमी होते. दारूबरोबर ते आणखी कमी होई.

चिठ्ठीची रेषा या काळात हळूहळू स्पष्ट झाली. अमेरिकेत १९३८च्या औषध कायद्यानंतरही कोणते औषध चिठ्ठीवर द्यायचे हे बऱ्याच अंशी उत्पादक ठरवत असे. एकच औषध एका कंपनीकडून खुले आणि दुसरीकडून चिठ्ठीवर, असेही होई. १९५१च्या डरहॅम-हम्फ्री दुरुस्तीने ही विभागणी कायद्यात आणली. सवय लावणारी आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय सुरक्षितपणे घेता न येणारी औषधे चिठ्ठीविना विकता येणार नाहीत, असे ठरले. दुरुस्ती मांडणारे कार्ल डरहॅम आणि ह्यूबर्ट हम्फ्री हे दोघेही राजकारणात येण्यापूर्वी औषधविक्रेते होते. दुकानाच्या फळीवर काय घडते हे त्यांना माहीत होते.

४. भारतातून गेलेली दोन औषधे

या इतिहासात भारत केवळ ग्राहक नव्हता. दोन उदाहरणे पाहू.

पहिले सर्पगंधेचे. बिहार आणि आसपासच्या भागांत या वनस्पतीचे मूळ उन्माद आणि निद्रानाश यांवर वापरले जाई. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१मध्ये तिच्या गुणांविषयी लेख प्रसिद्ध केला. त्याच काळात दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातून अल्कलॉइड वेगळे केले आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्यांपैकी एकाला अजमलिन हे नाव दिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अनुभव मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. पुढे त्याच्या वापराने काही रुग्णांत नैराश्य येते अशी निरीक्षणे नोंदली गेली. खेड्यात चिठ्ठीविना उगाळले जाणारे मूळ अशा रीतीने डॉक्टरांच्या देखरेखीचे औषध झाले. वनस्पती म्हणजे सौम्य, हा समज या उदाहरणापुढे टिकत नाही.

दुसरे उदाहरण मेथाक्वालोनचे. इंद्रकिशोर कक्कर आणि सय्यद हुसैन झहीर यांनी १९५१मध्ये हैदराबादच्या प्रयोगशाळेत मलेरियावरील औषधांच्या शोधात ते तयार केले. १९५५मध्ये एम. एल. गुजराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा झोप आणणारा गुण प्रसिद्ध केला. बार्बिट्युरेटना सुरक्षित पर्याय म्हणून ते जगभर गेले. १९६५मध्ये ब्रिटनमध्ये डायफेनहायड्रामिनबरोबर ते 'मँड्रॅक्स' म्हणून आणि अमेरिकेत 'क्वालूड' म्हणून आले. काही वर्षांतच त्याची नशेसाठी विक्री सुरू झाली. अमेरिकेने १९७३मध्ये त्यावर कडक नियंत्रण आणले आणि १९८४मध्ये त्याचा वैद्यकीय वापरच संपवला. भारतात १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील मनोप्रभावी पदार्थांच्या यादीत ते आहे. तरीही बेकायदा उत्पादन थांबले नाही. २०१६मध्ये राजस्थानातील उदयपूर येथे सुमारे २३ टन मँड्रॅक्स गोळ्या पकडल्या गेल्या. 'सुरक्षित पर्याय' म्हणून सुरू झालेल्या औषधाचा हा शेवट आहे.

५. निर्धोक म्हणून खुले विकलेले औषध

चिठ्ठीविना मिळणाऱ्या झोपेच्या औषधाने केलेली सर्वांत मोठी हानी पश्चिम जर्मनीत घडली. १ ऑक्टोबर १९५७ रोजी तिथे थॅलिडोमाइड 'काँटेरगान' या नावाने बाजारात आले. बार्बिट्युरेटप्रमाणे जास्त मात्रेने मृत्यू येत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य सांगितले गेले. त्यामुळेच ते चिठ्ठीविना विकले गेले. झोपेसाठी, अस्वस्थतेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठीही लोक ते घेऊ लागले.

जास्त मात्रेने माणूस मरत नाही, एवढ्यावरून ते निर्धोक ठरवले गेले होते. गर्भावर काय परिणाम होतो, हे पुरेसे तपासले नव्हते. हात-पाय न वाढलेली मुले जन्मू लागली. हॅम्बुर्गचे विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातले विल्यम मॅकब्राइड यांनी १९६१मध्ये स्वतंत्रपणे संशय व्यक्त केला. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस औषध जर्मन बाजारातून काढले गेले. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक मुले बाधित झाली होती. अमेरिकेत औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुराव्याअभावी त्याची परवानगी रोखून धरली, म्हणून तिथे ते बाजारात आले नाही. १९६२च्या केफॉव्हर-हॅरिस दुरुस्तीने, औषध गुणकारी असल्याचा पुरावा विक्रीपूर्वी देणे उत्पादकाला बंधनकारक केले.

प्रस्तावनेतल्या समजाकडे आता परत पाहता येईल. काँटेरगान खुले विकले जात होते, कारण त्या वेळी ज्ञात असलेल्या एका धोक्यापासून ते मुक्त होते. 'चिठ्ठी लागत नाही' या वाक्याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही. त्याचा अर्थ फार तर 'आतापर्यंत तपासलेल्या धोक्यांसाठी चिठ्ठी आवश्यक ठरलेली नाही' इतकाच होतो.

६. खुल्या फळीवर आज काय उरले?

१९६०नंतर बेंझोडायझेपाइन गटाने बार्बिट्युरेटची जागा घेतली, पण ती औषधे चिठ्ठीची होती. खुल्या विक्रीसाठी उत्पादकांनी दुसऱ्या औषधांच्या दुष्परिणामाकडे पाहिले. ॲलर्जीवरील अँटिहिस्टामिन औषधांनी गुंगी येते. अमेरिकेत जॉर्ज रीव्हशल यांनी शोधलेले डायफेनहायड्रामिन १९४६मध्ये ॲलर्जीसाठी मंजूर झाले होते. सर्दीच्या रुग्णाला नकोशी वाटणारी गुंगी हाच झोपेच्या गोळीचा गुण ठरला.

१९७२पासून अमेरिकी औषध प्रशासनाने खुल्या विक्रीतल्या औषधांचा एकेक गट तपासायला घेतला. झोपेच्या खुल्या गोळ्यांत तेव्हा ब्रोमाइड, स्कोपोलामिन आणि मेथापायरिलिन नावाचे अँटिहिस्टामिन असे. पहिले दोन बाद झाले. मेथापायरिलिनने उंदरांत यकृताचा कर्करोग होतो असे दिसल्यावर १९७९मध्ये ते मागे घेतले गेले. १९८२मध्ये डायफेनहायड्रामिनला झोपेसाठी खुल्या विक्रीची मान्यता मिळाली. ते आजही तिथे आहे. पण काही दिवसांतच शरीराला त्याची सवय होते आणि गुंगीचा परिणाम कमी होतो. दुसऱ्या दिवशी सुस्ती राहू शकते. वृद्धांत गोंधळ आणि लघवी अडकणे असे त्रास होऊ शकतात.

तिसरा मार्ग 'पूरक आहार' या नावाचा. ट्रिप्टोफॅन हे अन्नातले अमिनो आम्ल झोपेसाठी गोळ्यांच्या रूपात विकले जात होते. १९८९मध्ये अमेरिकेत ते घेणाऱ्यांत स्नायूंच्या तीव्र वेदनेचा आजार पसरला. दीड हजारांहून अधिक रुग्ण आणि ३०हून अधिक मृत्यू नोंदले गेले. बहुतेक प्रकरणे एकाच उत्पादकाच्या मालाशी जोडली गेली. आहारातला घटक असला तरी कारखान्यातली शुद्धता हा वेगळा प्रश्न असतो, हे त्यातून दिसले.

मेलाटोनिन हे मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीचे संप्रेरक ॲरन लर्नर यांनी १९५८मध्ये वेगळे केले. ते शरीराला रात्र झाल्याची सूचना देते. १९९४च्या पूरक आहार कायद्यामुळे अमेरिकेत ते औषधाऐवजी पूरक आहार म्हणून विकता येऊ लागले, तर ब्रिटनमध्ये त्याला चिठ्ठी लागते. एकच पदार्थ एका देशात चिठ्ठीचा आणि दुसऱ्यात किराण्याचा! २०१७मध्ये कॅनडात ३१ मेलाटोनिन उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. प्रत्यक्ष प्रमाण लेबलावरील आकड्यापेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के अधिकपर्यंत आढळले. विमानप्रवासाने किंवा बदललेल्या वेळापत्रकाने सरकलेले जैविक घड्याळ जुळवायला मेलाटोनिनचा उपयोग होतो. जुनाट निद्रानाशात त्याचा फायदा थोडाच दिसतो. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी डायफेनहायड्रामिन, मेलाटोनिन आणि ट्रिप्टोफॅन यांपैकी काहीही वापरू नये असे सुचवले आहे.

७. भारतीय कायद्यातली रेषा

भारतात ही रेषा कशी आखली गेली? भेसळ आणि बनावट औषधांच्या तक्रारींमुळे १९३०मध्ये रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९३१मध्ये आला. त्यातून १९४०चा औषध कायदा आणि १९४५चे नियम घडले. या नियमांच्या 'एच' परिशिष्टातली औषधे चिठ्ठीवरच विकायची असतात. अँटिहिस्टामिन औषधे 'जी' परिशिष्टात येतात. त्यांच्या लेबलावर, वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणे धोकादायक आहे, अशा अर्थाची सूचना छापावी लागते. म्हणजे दुकानदार सहज हातात ठेवतो त्या गोळीच्या वेष्टनावरच इशारा असतो. तो फार कमी लोक वाचतात.

२०१३मध्ये 'एच-१' परिशिष्ट जोडले गेले. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम आणि झोलपिडेम ही झोपेसाठी किंवा चिंतेसाठी दिली जाणारी औषधे त्यात आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. एक गोष्ट मात्र अपुरी आहे. 'चिठ्ठीविना विकण्याची औषधे' असा स्वतंत्र वर्ग मूळ कायद्यात व्याख्येसह दिलेला नाही. चिठ्ठीच्या याद्यांत जे नाही ते व्यवहारात खुले ठरते. आपली खुली फळी ही मुद्दाम तपासून भरलेली फळी नाही, याद्यांबाहेर राहिलेल्या वस्तूंची ती जागा आहे.

८. ज्या उपायांना चिठ्ठी कधीच लागली नाही

औषधांच्या या प्रवासाला समांतर असा दुसरा प्रवाह आहे. अमेरिकी वैद्य एडमंड जेकबसन यांनी १९२९च्या ग्रंथात स्नायू क्रमाने ताणून सैल सोडण्याची पद्धत मांडली. भारतात मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी योगनिद्रेला सुबोध रूप दिले. त्यांचे त्यावरील पुस्तक १९७६मध्ये आले. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२मध्ये एक साधा विचार मांडला : अंथरुणाशी जागरणाची सांगड बसली असेल तर ती मोडली पाहिजे. झोप आली तरच आडवे व्हावे, झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे बसावे, झोप आल्यावर परत यावे, सकाळी रोज ठरलेल्या वेळीच उठावे आणि अंथरुणात अभ्यास किंवा इतर कामे करू नयेत. आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी १९८७मध्ये अंथरुणात काढायचा वेळ आधी मर्यादित करून मग हळूहळू वाढवण्याची पद्धत दिली. ही दुसरी पद्धत मात्र जाणकाराच्या सल्ल्याने वापरावी, कारण सुरुवातीला दिवसा झोप येते आणि अपस्मारासारख्या आजारांत ती त्रासदायक ठरू शकते.

या तंत्रांना चिंतेच्या विचारांवरील कामाची जोड देऊन निद्रानाशासाठीचा बोधात्मक वर्तनोपचार तयार झाला. अमेरिकेतील वैद्यांच्या प्रमुख संस्थेने २०१६मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर औषधाआधी हाच उपचार द्यावा अशी शिफारस केली. चरकाच्या यादीतले अंथरूण, घर, मनाचे सुख आणि योग्य वेळ हे शब्द इथे वेगळ्या भाषेत परत आलेले दिसतात. दोन्हींमागची सैद्धांतिक चौकट मात्र वेगळी आहे आणि त्यांना एकच ठरवणे इतिहासदृष्ट्या चूक होईल. या उपचाराला चिठ्ठी लागत नाही, पण तो शिकवणारी माणसे, निवांत जागा आणि ठरलेल्या वेळा लागतात. दाटीवाटीच्या खोलीत राहणाऱ्याला किंवा पाळ्यांमध्ये काम करणाऱ्याला हे सहज मिळत नाही.

समारोप

या इतिहासातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, चिठ्ठीविना मिळणे हा औषधाचा गुणधर्म नाही. ती त्या देशातल्या कायद्याची त्या क्षणाची स्थिती आहे. अफू, व्हेरोनाल, थॅलिडोमाइड आणि मेथापायरिलिन हे सगळे कधी ना कधी रेषेच्या खुल्या बाजूला होते. दुसरा, रेषा बहुधा हानीनंतर सरकली आणि त्या हानीचा सर्वांत मोठा भार तान्ह्या आणि न जन्मलेल्या मुलांनी सोसला. तिसरा, झोपेचा प्रश्न अनेकदा कामाच्या तासांचा, घराच्या आकाराचा आणि मनावरच्या ओझ्याचा प्रश्न असतो. बाळागोळीला पर्याय दुसरी गोळी नव्हता, पाळणाघर होता.

प्रस्तावनेतल्या विद्यार्थ्याला म्हणून इतके सांगता येईल. वेष्टनावरची सूचना वाचा. झोपेसाठी दारू किंवा दोन औषधे एकत्र घेऊ नका. ठरलेली उठण्याची वेळ काही आठवडे पाळून पाहा. झोप आठवड्यातून तीन-चार रात्री आणि महिन्यांमागून महिने बिघडलेली राहिली, झोपेत श्वास अडकत असेल किंवा मन फार खचले असेल, तर डॉक्टरांकडे जा. अशा वेळी चिठ्ठी हा अडथळा नसतो. दीडशे वर्षांच्या चुकांतून शिकलेला एक प्रश्न डॉक्टर तुम्हाला विचारतात : झोप का येत नाही?

अभ्यासप्रश्न

१. १८७८चा अफू कायदा आणि १९४०चा औषध कायदा यांच्या हेतूंत कोणता फरक दिसतो?
२. बाळागोळीच्या प्रथेची 'अज्ञान' आणि 'कामाचे तास' ही दोन स्पष्टीकरणे तुलना करून तपासा.
३. थॅलिडोमाइड कोणत्या अर्थाने 'सुरक्षित' मानले गेले होते? त्या व्याख्येत काय सुटले?
४. तुमच्या प्रांतातील झोपेविषयीचा एखादा घरगुती उपाय घरातल्या ज्येष्ठांना विचारून नोंदवा. त्यातील मात्रेचे ज्ञान कसे सांगितले जाते, याकडे विशेष लक्ष द्या.